पाव फेरा

नेवाडात, रूबी डोंगरांच्या पायथ्याशी,
ग्राची उरुटीनं बहात्तर सालच्या फोर्ड पिकअपचं बॉनेट उघडलं
तेव्हा स्टेअरिंगच्या दांडीखालची रबरी चकती
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी बोटांत उतरली.

एवढ्याच्या जिवावर आपण चाळीस मेंढ्या नेल्या एल्कोला,
ती म्हणाली.
बेचाळीस, म्हणाला बाप,
उलट्या बादलीवर बसून.

त्यांच्या बास्क बोलीत बापाला आइता म्हणतात.
आयता मात्र त्या खोऱ्यात वाराच काय तो मिळतो.
हा भाग कंपनीनं बंद केला त्याला तीस वर्षं झाली,
दुकानातल्या पोरानं पडद्यावर पाहून सांगितलं,
आणि वर विचारलं, नवी गाडी का नाही घेत?
दात बघून मेंढीचं वय काढतात
तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

भंगारात एक जीप होती, दरीतून ओढून आणलेली.
तोंड गेलेलं, दांडी शाबूत.
वीस डॉलर, पान्हा ज्याचा त्यानं आणायचा.
डॅशबोर्डखाली आडवी होऊन बोल्ट सोडवताना
सीटखालून हाताला लहान मुलाचा एक मोजा लागला.
तो तिनं होता तिथेच ठेवला.

शेडमध्ये माप घेतलं:
एक टोक जीपचं, एक टोक फोर्डचं,
मध्ये साडेचार इंचांचा अबोला.
नळी कापली, आतून बाही बसवली, भोकं पाडली,
पण जोडायला हात धजेना.
दांडी तुटली तर तुटते ती उतारावर, वळणावर,
हातात नुसतं चाक राहतं, थाळीसारखं.
म्हणून तीन दिवस ती जुन्या पाइपचे तुकडे जोडायची
आणि घणानं तोडायची.
चौथ्या दिवशी पाइप फाटला. जोड नाही.

तेव्हा कुठे आइता बोलला:
दोन्ही सांधे एका रेषेत आहेत ना?
आहेत.
परत बघ.
तिनं बघितलं. एकाचं बेचकं उभं, दुसऱ्याचं आडवं.
तसंच जोडलं असतं तर चाक
पाव फेरा हलकं, पाव फेरा जड,
सुनेच्या घरी राहिलेल्या सासूसारखं.
त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ती कॉफी आणायला गेली तेव्हा
त्यानं अंगठा फिरवून पाहिला होता, इतकंच.

मग काळी काच खाली, निळा उजेड, जळक्या रंगाचा वास.
जोड काही देखणा झाला नाही:
गोधडीचा टाका, वाकडा, पण उसवायचा नाही.

आता या ट्रकची एक सवय होती.
स्टेअरिंगला एवढा प्ले, की आधी डावीकडे पाव फेरा
रिकामाच फिरवायचा, तसाच धरून ठेवायचा,
मग गाडी सरळ.
सव्वीस वर्षं आधी बापानं धरला, नंतर तिनं.
कुणी कुणाला शिकवला नव्हता.

टपालपेटीपर्यंत जाऊन येते, म्हणाली,
आणि हातांनी आपणहून पाव फेरा दिला.
ट्रकनं या खेपेला लगेच ऐकलं.
सेजब्रशच्या झुडपांत पुढची दोन्ही चाकं,
आणि ती चाकावर कपाळ टेकून हसत होती,
किंवा हसत नव्हती, इतक्या लांबून कळलं नाही.

आइता काठी टेकत आला.
त्याचं लायसन्स वसंतातच काढून घेतलं होतं काउंटीनं.
सरक, म्हणाला.
रस्त्यावर नाही, ती म्हणाली.
रस्ता कुणाला हवाय?

मोकळ्या माळावर तो गोल गोल फिरत राहिला,
मेंढ्या चरायच्या थांबल्या,
खिडकीतून तो काहीतरी ओरडला, वाऱ्यानं नेलं.
तिसऱ्या चकरेला कुंपणाचा खांब घासला.
चौथ्याला, जरा लांबून गेला.