डाव्या कडेची नोंद

एकतीस वर्षं मी भरलेली पाकिटं वाटली पगारावर,
आता पदरचे पैसे मोजून रिकामी विकत घेतो.
मेव्हिस हसायची. म्हणायची, व्हर्लिन,
शेंगा कोणी कोणी खाल्ल्या, टरफलं तू उचलतोस.

डेमिंगबाहेर धुळीच्या रस्त्यावर
सत्तेचाळीस पेट्यांपाशी माझी गाडी थांबायची.
तिथून उत्तरेला, फार तर वीस मैलांवर,
एके काळी ते जात असत:
खेचरं, चाकं, चामड्याच्या पट्ट्यांवर झुलणारा डबा,
मिसुरीहून कॅलिफोर्निया पंचवीस दिवसांत.
झऱ्यापाशी ठाणं होतं. आता चार दगड आहेत
आणि एक पाटी, तिला बंदुकीची भोकं.

फीनिक्सच्या प्रदर्शनात ऑस्ट्रँडर
चिमट्याशिवाय कशाला हात लावू देत नाही.
त्याच्या वहीत डाग म्हणजे घट.
तोच डाग नदी ओलांडतानाचा ठरला
तर किंमत दुप्पट.
कुणाचा तरी निरोप भिजला होता,
हे दोन्ही रकान्यांत नाही.

त्या पाकिटांवर वरच्या कोपऱ्यात तिरकं लिहिलेलं असतं:
खुष्कीच्या मार्गाने.
लिहिलं नाही तर पत्र बोटीने जायचं,
पनामाला वळसा घालून, सुखरूप, उशिरा.
दोन शब्दांत लोक वाळवंट ओढवून घेत.
एवढी घाई कशाची होती, ते आत होतं.
आतलं गेलं.
चुलीत, उशीखाली, उंदरांच्या बिळात,
कुणाच्या कोटाबरोबर जमिनीतही गेलं असेल.

माझ्याकडे एकसष्ट आहेत.
एकावर पत्त्याच्या जागी फक्त नाव
आणि 'नदीकाठच्या खाणींत, किंवा असेल तिथे'.
ते पोचलं होतं. घडीवर अंगठ्याचा ठसा आहे, मातीचा.
मी पत्ता चुकला म्हणून पत्रं परत पाठवायचो.
घरक्रमांकाचा एक आकडा चुकला तरी.

पण सांगायचंय ते बासष्टाव्याबद्दल.
फोर्ट स्मिथहून व्हिसालियाला, अठराशे अठ्ठावन्न,
मिस्टर आसाहेल ट्रेडवे यांस.
हिरवं दहा सेंटांचं तिकीट, एक बाजू कात्रीने खाल्लेली.
डाव्या कडेला, उभं, घेणाऱ्याच्या हातचं:
मिळालं, ९ नोव्हेंबर.
खाली, वेगळ्या शाईत: उत्तर
आणि पुढे काही नाही.
ऑस्ट्रँडर म्हणाला, कडेला खरडलंय, चाळीस डॉलर कमी करतो.
मी कमी केलेले चाळीस खिशात घातले
आणि वाटेत लॉर्ड्सबर्गला जेवलो. चव लागली नाही.

व्हिसालियाहून पूर्वेकडे आठवड्याला दोनदा डाक निघायची.
म्हणजे ट्रेडवेला आठवड्याला दोन संधी.
गाड्या बंद पडेपर्यंत, मी हिशेब केला,
अडीचशेच्या आसपास.
इतक्या वेळा तुतारी वाजली असेल रस्त्यावर,
इतक्या वेळा तो घोड्याचं खोगीर नीट करत बसला असेल,
किंवा मिरच्यांना पाणी देत, किंवा नुसताच.
खुनशी होता असं मला वाटत नाही.
'उत्तर' हा शब्द त्याने जपून लिहिलाय,
शेवटच्या अक्षरानंतर लेखणी थोडी टेकलीय,
तिथे शाईचा ठिपका मोहरीएवढा.

बर्लचं पत्र फेब्रुवारीत आलं, बेकर्सफील्डहून.
तीन दिवसांत. एकही खेचर मेलं नाही.
आईच्या कुरणाचा विषय त्याने काढलेला नाही,
गुडघ्याचं लिहिलंय, कुत्री म्हातारी झालीय म्हणतो.
मी ते अल्बमांच्या चळतीखाली ठेवलं,
सपाट व्हावं म्हणून, असं स्वतःला सांगितलं.

आज रात्री काढलं. पेन्सिलीला टोक केलं.
डाव्या कडेला, उभं, लिहिलं:
मिळालं, ११ फेब्रुवारी.
खाली लिहिलं: उत्तर
पेन्सिल अजून कागदावरच आहे.
डेमिंगची डाक रविवार सोडून रोज निघते,
सव्वाचारला.
कुणाला विचारायला नको, मीच न्यायचो.