टाकीमागची घरं

रेशमबाई कधीच पहिली सही करत नाही.
रजिस्टर फिरतं, हलीमा आपाचा अंगठा,
बद्रीलालचं मालगाडीएवढं नाव,
दुर्गेशची कॉलेजातली वळणदार इंग्रजी,
आणि तळाला उरलेल्या बोटभर जागेत ती
आपलं नाव कोंबते.
‘बाई’ समासात सांडते.

नवे लोक म्हणतात, किती नम्र!
नम्र कसली.
मला विचारा. मी त्या अकरा घरांतली.

तेव्हा तिचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा.
कान्ह नदीच्या अलीकडून बोलली
की पलीकडच्या म्हशी माना वळवायच्या.
झोन ऑफिसात ती एकटी आत गेली,
आम्ही दोनशे बाहेर,
मे महिन्यात, आपापल्या चपलांवर बसून.
टेबलावर हात आपटल्याचा आवाज
खिडकीतून आला तेव्हा
आम्ही टाळ्या वाजवल्या.

कागद फडकवत आली.
एकशे चौसष्ट पट्टे.
गुलाल झाला. तिला खांद्यावर घेतलं
ते माझ्याच नवऱ्यानं.

रात्री पोरानं यादी वाचली.
परत वाचली.
मग बोट लावून, सावकाश.
पाण्याच्या टाकीमागं कुणी मोजायला गेलंच नव्हतं.
सोनोने नाहीत. इंगळे नाहीत. केसरबाई नाही,
जी मोर्च्यात सगळ्यांचं पाणी वाहायची.
खाली सही मात्र होती, निळी, ऐसपैस,
दोन रेघा ओढलेली.

जेसीबी आला तेव्हा मी आधी तवा उचलला.
तवाच का, अजून कळत नाही.

पुढं दोन वर्षं मी तिच्याशी बोलले नाही.
ती यायची, भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायची,
मी पाणीसुद्धा विचारायची नाही.
ती माफी मागायची नाही. मला त्याचाच राग.
एके दिवशी कोरी वही घेऊन आली,
माझ्या मांडीवर ठेवली.
म्हणाली, मोज.
टाकीपासून सुरू कर.

आता बैठकीत ती दाराशी बसते, चपलांजवळ.
मुठीत चिंचोके. कुणी बोललं
की एक चिंचोका या मुठीतून त्या मुठीत.
पुरुष जांभया देतात, अकरा वाजतात,
बद्रीलाल म्हणतो, ठरलं की सगळं, उठा.
ती मूठ उघडून दाखवते. एक शिल्लक आहे.
भिंतीला टेकलेली झुमली,
अलिराजपूरहून आलेली, ताडपत्रीत राहणारी,
पदराचं टोक चावत बसलेली.
तम बोलो, रेशमबाई म्हणते,
आणि गप्प राहते. तिला गप्प राहणं जड जातं,
मानेची शीर दिसते.

बऱ्याच वेळानं झुमली म्हणाली,
आमच्याकडं पाणी रात्री दोनला येतं.
नळावर एकटीनं जायला भीती वाटते.
एवढंच.
सगळा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला.

सुनावणीच्या दिवशी शिपाई म्हणाला,
लीडर कोण? एकानंच आत या.
तिचं पाऊल उचललंच होतं.
छाती भरून आली, हात टेबल शोधू लागला,
भोंगा वाजणार
तेवढ्यात मी मागून पदर ओढला.
तिनं वळून पाहिलं. खूप रागानं.
मग हसली, दात नसलेल्या बाजूनं,
आणि झुमलीला पुढं ढकललं, मला पुढं ढकललं,
शिपाई ओरडत राहिला,
साहेबाच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत.

अकरांतल्या सातांना पट्टे मिळाले.
उरलेल्या चारांत मी.
खोटं कशाला सांगू, त्या रात्री
जेवण गेलं नाही.

सकाळी ती वही घेऊन दारात.
टाकी तर पाडली, मी म्हटलं,
आता कुठून सुरू करू?
ती इकडंतिकडं बघत राहिली.
नव्या रस्त्याच्या कडेला, पुलाखाली,
कुणीतरी दोरीवर लुगडं वाळत घालत होतं.