अकरा दिवस

फेब्रुवारीत येतात ही मुलं. तेव्हा विमान स्वस्त असतं
आणि नदी गोठलेली, खिडकीबाहेर बघावं असं काही नसतं.
यंदा कुताइसीहून नेस्तान आली :
रिगापर्यंत विमान, पुढे बस,
पाठीवर सॅक आणि अकरा दिवसांचं अनुदान.

नियम सांगितले. पेन नाही, पेन्सिल.
कोट बाहेर. साडेचारला कुलूप.
ती मान डोलावत होती, आणि मनातल्या मनात
भत्त्यातून खोलीभाडं वजा करत होती.
तीस वर्षं या टेबलामागे काढली की
ती वजाबाकी चेहऱ्यावर वाचता येते.

तिला भूकंप हवा होता.
टेकडीवर तेव्हा वेधशाळा होती,
कागद काळे करणं हे तिथे खरोखरचं काम होतं :
रॉकेलच्या ज्योतीवर धरायचे, काजळी बसू द्यायची.
मग सुई रात्रभर त्यावर पांढरी रेघ ओढी,
आणि तिकडे नेस्तानच्या मुलखात डोंगर हलला
की इथे, तार्तूत, रेघ दचके.
सकाळी कुणीतरी कागद उतरवून लाखेत बुडवी,
थरथर तशीच वाळून राही.
या मुलांच्या अनुदानात लाख कधी नसते.
इथे ती प्रत्येक कागदावर आहे.

शनिवार, रविवार बंद.
चोवीस तारीख आमचा झेंड्याचा दिवस, तोही बंद.
समितीने अकरा मोजले, कॅलेंडरने तीन खाल्ले.
जिन्यात, रेडिएटरला पाठ लावून
ती उकडलेली अंडी खायची, टरफलं रुमालात गुंडाळायची.

नवव्या दिवशी एक कागद निघाला, काहीच न घडलेल्या रात्रीचा.
सरळ रेघ. खाली संचालकांची झोकदार सही.
आणि कोपऱ्यात, ओल्या लाखेखाली,
काजळीत उठलेला अंगठा.
त्यावर तिरका व्रण.
तिने मागचा कागद काढला. तोच व्रण.
त्याच्या मागचा. तोच.
सहा वर्षांचे कागद, रोज सकाळी तोच माणूस,
ज्याचं नाव पगारपत्रकातही सापडलं नाही.
मग एका मार्चमध्ये व्रण थांबतो,
दुसराच अंगठा सुरू होतो, लहान.

भूकंप राहिला खोक्यात.
त्या दिवशी कुलूप सहाला लागलं; कुणाला सांगू नका.

जाताना तिने फॉर्म दाखवला :
'प्रवासाचा हेतू साध्य झाला का? दोनशे शब्दांत.'
म्हणाली, हेल्वे, अंगठा लिहू का यात?
मी म्हटलं, ते बसचं तिकीट मागतील.
तिकीट तिच्याकडे नव्हतं. सॅक दोनदा उलटी केली.

ती गेल्यावर मी सूचीचं कार्ड काढलं.
'कर्ता : संचालक.' त्याखाली, पेन्सिलीनेच,
'आणि तिरक्या व्रणाचा एक.'

एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटला.
रेडिएटरमागे झाडू घातला तेव्हा निघालं तिकीट,
रिगा ते तार्तू, एका बाजूने तपकिरी पडलेलं.
आता उशीर झालाय, समितीची मुदत कधीच संपली.
तिला पाठवावं, की त्याच खोक्यात ठेवावं?
टेबलावर आहे अजून,
पेपरवेटखाली.