पासंग

मंगळवारी सकाळी मी ढालाईताची ढाल
दोन सेकंदांवरून एक पूर्णांक चारवर आणली.
एक आकडा खोडून दुसरा लिहायला
कॉफीचा घोटभर वेळही लागला नाही.

औलूत नोव्हेंबरातला सूर्य म्हणजे
अंगातला कोट न काढताच निघणारा पाहुणा.
साडेतीनला खिडकीत काळोख
आणि पडद्यावर दंगल.
ढालाईत म्हणतात, गळा कापलात.
तिरंदाज म्हणतात, उशिरा कापलात, आणि तोही अर्धाच.
वैदू म्हणतात, आमच्याकडे कोण बघणार?
मांत्रिक तेवढे गप्प. तीन महिने जिंकत सुटलेत.
ज्याचं पारडं जड, तो तागडीविषयी बोलत नाही.
सहा वर्षांत मी एवढंच शिकले,
बाकीचं आकडेवारीत मिळतं.

योउको म्हणाला, दोन्हीकडून सारख्या शिव्या आल्या
की समजायचं, जमलं.
तो साल्मिआक्की चघळत होता.
त्याचं शहाणपणही त्या काळ्या खारट गोळीसारखंच,
आधी तोंड वाकडं होतं, मग सवय लागते.

चार हजार एकशे बारा तक्रारी.
कुठे उद्गारचिन्हांचं कुंपण,
कुठे माझ्या आईचा उद्धार
(ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी मोजते,
ढालाईत कोण हे तिला ठाऊकही नाही).
आणि मध्येच हे, एकही चिन्ह न चढवलेलं:

"मी तौनो हिल्तुनेन, केमीहून. वय सदुसष्ट.
तुमचा हिशेब बरोबरच असणार.
लाकडाच्या वखारीत डाव्या हाताची दोन बोटं गेली.
ढाल उचलली की उरलेल्यांना तलवारीच्या बटणापर्यंत जायला
पावणेदोन सेकंद लागतात.
दोन होते तेव्हा पाव शिल्लक पडायचा.
त्या पावात मी वळून बघायचो,
आपलं कोणी मागे राहिलंय का.
तक्रार नाही. कळवलं फक्त."

रात्री मी दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळली
आणि खेळायला बसले.
अकरा वेळा मेले.
बाराव्या वेळी तलवार निघाली, तेव्हा समोर कोणीच उरलं नव्हतं,
मागेही.

दोन सेकंद परत द्यावेत?
पण तेच दोन सेकंद सतरा वर्षांच्या पोराच्या हाती दिले
तर तो तिघांना आडवं करून वर जांभईही देतो.
मी ज्याला वजन समजत होते
ते हातागणिक बदलत होतं.

बाजारचौकात मासे विकणाऱ्या हेल्वीचा तराजू
तिच्याहून म्हातारा आहे. एका बाजूला कललेला.
ती तराजू बदलत नाही, वजनं तासत नाही.
हलक्या बाजूला दोऱ्याने
एक गंजका नट बांधते.

बुधवारी मी तो नट शोधत बसले.
ढालीचंच बटण पुन्हा दाबलं
तरी तलवार निघेल.
बोटाला कुठे जायलाच नको.
एक पूर्णांक चार तसेच राहिले.
योउकोने तपासलं, खांदे उडवले:
याने कोणाचं काय बिघडणार?
घडणार तरी काय, हे त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

गुरुवारच्या बदलांच्या यादीत
ती ओळ सगळ्यांत खाली गेली.
कोणी वाचली नाही. शिव्या मांत्रिकांवर सरकल्या,
कारण वरची तेरा कलमं त्यांचीच होती
आणि आता त्यांनाही कंठ फुटला होता.

शनिवारी रात्री पावणेतीनला
तौनोच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला.
मी काही त्याचा खेळ बघायला गेले नाही.
दार ढकलून कोणाच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं असतं.

सोमवारी त्याचं पत्र:

"बटणाचं कळलं.
पण बाई, हे तिरंदाज फार माजलेत!!!
जरा बघा की त्यांच्याकडे."

उद्गारचिन्हं मी दोनदा मोजली.
तीन.