सत्तरचं टोक

इगाराशींच्या दुकानात काचेखाली
निळ्या मखमलीवर तीन लेन्स:
पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी.
तिन्हींना झूम नाही.
पुढे व्हायचं तर पायांनी,
मागे व्हायचं तरी पायांनीच.

बाहेर हाकोदातेचा फेब्रुवारी,
ट्रामच्या रुळांवरचा बर्फ खरवडणारी गाडी.
आत रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली,
आणि माझ्या पाकिटात
शाळेच्या भटारखान्यात अकरा महिने मुळे चिरून
साठवलेले पैसे.
एकीपुरते. एकीपुरतेच.

पस्तीसच्या चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहिलंय:
मागच्या काचेत धुळीचे दोन कण,
फोटोत दिसणार नाहीत.
(पण मला माहीत असतील.)
पन्नास कोरी, हलकी, स्वस्त, कुणाशीही जमवून घेणारी,
फोकस करताना मात्र कानाशी डास आल्यासारखी.
पंच्याऐंशी जड. हातात घेतली
की वाटतं, आता आपल्याला काहीतरी येतं.

उजेडाचं म्हणाल तर तिघीही उजेडाच्या हावऱ्या.
उन्हाळ्यात स्क्विडच्या बोटी दिवे लावून
अख्खी सामुद्रधुनी पेटवतात,
तेव्हा कुठलीही काच चालते.
प्रश्न अंतराचा आहे.

इगाराशींना विकायची घाई नसते.
म्हणाले, जुन्या झूमने काढलेले आणलेत का?
कार्ड दिलं. चार वर्षांचे नऊ हजार सहाशे फोटो
त्यांनी चाळणीतून धान्य काढावं तसे
अंतराप्रमाणे वेगळे केले.
चोवीसवर मूठभर: बंदर, डोंगरावरून दिसणारं गाव.
पस्तीसवर शाळेची सहल, कुणाचा तरी वाढदिवस.
आणि सत्तरवर ढीग.
सत्तर म्हणजे माझ्या झूमचं टोक,
त्यापुढे अंगठी फिरत नाही.

ढिगात सगळे बाबा.
जाळं सांधताना, पाठमोरे.
धक्क्याच्या त्या बाजूला बोटीचे काचगोळे पुसताना.
दाराच्या फटीतून, पेपरवर डुलकी लागलेले.
एकाही फोटोत त्यांना ठाऊक नाही
की मी तिथे होते.

"तुम्हाला अजून जवळ जायचं होतं,"
इगाराशी म्हणाले, "अंगठी संपली."
आणि पंच्याऐंशी बोटभर माझ्याकडे सरकवली.
हिशेब सरळ होता.
त्याच फटीतून आता चेहरा भरून येईल,
मागची औषधं, न धुतलेला कप,
आईने टांगलेलं आणि नंतर कुणीच न उलटलेलं कॅलेंडर,
सगळं विरघळून मऊ होईल.
सुरकुती न् सुरकुती मिळेल. त्यांना न विचारता.

मी हो म्हणणारच होते.
तेवढ्यात किटली खदखदली, ते उठले,
आणि मी उगीचच पस्तीस चढवून पाहिली.
दुकानाच्या त्या टोकाला इगाराशी
चिमटीत मावतील एवढे.
एक पाऊल पुढे. तरी एवढेसेच.
अजून दोन. टेबल आडवं आलं, वळसा घातला,
छत्र्यांच्या भांड्याला पाय लागला.
चेहरा चौकटीत नीट बसला तेव्हा
चहाची वाफ माझ्या काचेवर आली होती
आणि ते विचारत होते, "साखर?"

धुळीच्या दोन कणांपायी
त्यांनी दोन हजार येन कमी केले.

घरी कुणी विचारलं तर सांगेन,
आपलं स्वयंपाकघर एवढंसं,
पंच्याऐंशीला फ्रीजला पाठ टेकली असती
तरी बाबांचा एक कानच आला असता.
हे खरंही आहे.

ट्राममध्ये डबी मांडीवर. उघडली नाही.
बूट काढायच्या जागेपासून त्यांच्या खुर्चीपर्यंत
मनातल्या मनात चालून बघतेय:
सहा पावलं होतात.
मध्ये टेबल आहे, ते धरलं तर सात.