धडा

सकाळी पोटात नळी बसवली,
दुपारीच पाणी सोडलं.
एरवी जखम भरेतो थांबतात म्हणे, दोन आठवडे;
बुनरुआनच्या रक्ताला तेवढी सवड नव्हती.

"उठायचं नाही हं, मावशी.
खोकला आला तर पोट दाबून धरा."
थोडंथोडंच पाणी, तेही आडवं पडून,
टाक्यातून झिरपू नये म्हणून.

चाळीस वर्षं नोंगखाईच्या बाजारात
मेकाँगचे मासे तोलले तिने, उभ्याने.

संध्याकाळी नर्स पिशवी काट्याला अडकवते.
आत सोडलं हजार,
बाहेर आलं अकराशे. वहीत लिहिते.

सुजल्या पापण्यांआडून
बुनरुआन काटा वाचते:
"रिकाम्या पिशवीचा धडा केलास का गं?"

नर्स थबकते.
अकराशे खोडते.
एक हजार चाळीस.

"हां," म्हणते बुनरुआन,
आणि डोळे मिटते.