सेकंड माल

माहेरी, वैरागला, कोजागिरीच्या संध्याकाळी
दादा पाटावर बसायचा.
नवा सदरा, कपाळावर ओलं कुंकू,
आई त्याला ओवाळायची. ज्येष्ठ अपत्याची आश्विनी.
मी तबक धरून उभी.
सुपारी घरंगळू द्यायची नाही, एवढंच माझं काम.
"माझी कधी?" एकदाच विचारलं होतं.
"दुसऱ्याची नसते गं," आई म्हणाली,
आणि माझ्या वाटीत चारोळी जरा जास्त टाकली.

लग्न होऊन साखर पेठेत आले.
घरात तेलुगू, दारात मराठी,
आणि दोन्हींच्या वरून खालच्या मागांचा खडखडाट.
इथे अमावास्येपासून बतुकम्मा.
नरसय्या मामा अक्कलकोट रोडच्या पडीक रानातून
पोतंभर तरवड आणायचे, कुरडू आणायचे,
सासूबाई ताटात भोपळ्याची पानं अंथरून
खाली रुंद थर, त्यावर जरा आत सरकून दुसरा,
असं करत शेंड्यापर्यंत;
तिथं हळदीची गौरम्मा, अंगठ्याएवढी.
पहिल्या वर्षी माझा थर ढासळला.
त्या बोलल्या नाहीत. एकेक फूल वेचून
परत माझ्या हातात देत राहिल्या.

यंदा चौथ्या माळेला रात्री कळा सुरू झाल्या.
अंबादास रात्रपाळी टाकून तसाच आला.
केसांत, भुवयांत कापसाचे तंतू.
रिक्षात तो मला एकदम म्हातारा वाटला.
पहाटे मुलगी झाली.
नर्सनं मऊ कापड मागितलं, आमची पिशवी घरीच राहिलेली.
त्याच्या डब्याभोवती टॉवेल होता गुंडाळलेला,
काठाजवळ धागा सुटून रेघ पडलेला,
एक्स्पोर्टच्या गठ्ठ्यातून बाजूला काढलेला.
"सेकंडचाय," तो ओशाळून म्हणाला.
"असू दे की," नर्स म्हणाली. "मऊ आहे."
तिला काय माहीत, मला का रडू आलं.

मग सुयेर. दहा दिवस देवाला हात नाही.
अष्टमीला गल्लीतल्या बाया ताटं डोक्यावर घेऊन
तलावाकडे निघाल्या;
सासूबाई उंबऱ्याच्या आतच,
पावलं मात्र जागच्या जागी ठेका धरून.
खंडेनवमीला अंबादासच्या मागाला
दुसऱ्याच कुणी झेंडूची माळ घातली.
अखिलानं आंघोळीच्या बादलीत
डब्याचं झाकण तरंगवलं, त्यात कुरडूची तीन फुलं.
म्हणाली, हिला सुयेर नाही, ही माझी आहे.
दोन दिवस त्या बादलीला कुणी हात लावला नाही.

सुयेर फिटलं आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमा.
रस्त्यानं तुळजापूरला निघालेले लोक,
चपलांची फरफर, मधूनच "आई राजा उदो उदो".
दीर गेले. अंबादास गॅलरीतून बघत राहिला.
वैरागहून आईचा फोन:
"अखिलाला ओवाळ हं. आता ती मोठी झाली."
सहा वर्षं मी टाळत आले होते, हट्टानंच.
आणि खरं म्हणजे एकटं मूल थोरलं कसं असेल?
ते नुसतं एकटं असतं.

पाट मांडला. अखिला बसली, फ्रॉक सावरून, गंभीर.
निरांजन तिच्या डोळ्यांत दोनदा दिसलं.
एक फेरी झाली, आणि तिनं विचारलं,
"हिची कधी?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं,
तीस वर्षांचं, आईच्याच आवाजातलं.
मी ते बोलले नाही. दुसरंही काही सुचलं नाही.
निरांजनात तूप तडतडत होतं.
सासूबाईंना ही रीत काही ठाऊक नव्हती,
त्यांनी झोळीतून बाळ उचललं, टॉवेलासकट.
आणि अखिला पाटावर सरकली,
जरा, फुलांच्या थराएवढी.

तबक धरायला या घरात कोणीच नव्हतं.
माझा हात हलला, सुपारी घरंगळली,
कपाटाखाली गेली.
घरंगळू दिली.
अजून तिथंच असेल.